डावी पट्टी

फाउंटनच्या स्टॉलवर मौर्य अंक लावतो
एकावर एक, हातातले पत्ते पसरावेत तसे,
म्हणून आमच्या 'उपज'चा दिसतो फक्त उ
आणि त्याखाली चार बोटं रुंदीची डावी पट्टी.
गिऱ्हाईक म्हणतं, तो उ दे रे.
सतरा वर्षं मी या चार बोटांत
संगीत बसवते आहे.

पट्टीत काय हवं ते ठरलेलं असतं.
एक तरी डोळा, थेट बघणारा.
किंमत खाली, बारकोडजवळ, लाजल्यासारखी.
लाल चालतो. पिवळा दिवाळीत.
जांभळ्यावर एकदा साडेचारशे अंक परत आले,
तेव्हापासून कीरसाहेब त्या रंगाचं नाव काढू देत नाहीत.
गाणारी बाई असेल तर केस वाऱ्यावर.
वारा म्हणजे प्रभादेवीच्या स्टुडिओतला टेबलफॅन,
हसमुखचा पोऱ्या तो धरून उभा असतो
शटर पडेपर्यंत श्वास रोखून.

आणि वाचक.
वाचकाला आम्ही नाव दिलंय: निनाद.
वय बावीस, कांदिवली, हेडफोन भारीतले,
गिटार घ्यायची आहे, अजून घेतलेली नाही.
मीटिंगमध्ये कीरसाहेब विचारतात,
निनाद थांबेल का इथे? निनादला म्हातारे आवडतात?
मी उत्तरं देते. पोटच्या पोराच्या असाव्यात
तशा त्याच्या आवडीनिवडी मला पाठ आहेत.

मार्चच्या अंकाला सारंगीवाले बरकत हुसेन.
नागपाड्याहून टॅक्सीनं आले,
सारंगीला खिडकीची जागा देऊन.
शेरवानी कडक इस्त्रीची,
पण हसमुखनं टिपला त्यांचा डावा हात.
नखांच्या मुळाशी चर, कातडी काळी, घट्टे पडलेली,
साठ वर्षं तारेनं कोरून काढलेली.
सारंगीत तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत,
नखाच्या मुळानं तिला कडेनं भिडतात,
हे मला त्या दिवशी कळलं, इतक्या अंकांनंतर.

डाव्या पट्टीत डावा हात. बसला होता छान.
कीरसाहेब स्क्रीनशी वाकले.
फोटो बेस्ट. ते बोटांचं तेवढं बघ.
निनाद दचकेल.

मी बघितलं.
रात्री साडेअकरापर्यंत एकेक चर बुजवला,
शेजारची धड कातडी उचलून त्यावर पसरली,
नखं शिंपल्यासारखी केली.
अंक वडाळ्याला प्रेसमध्ये गेला.
ऑफिसात समोसे आले.

चार तारखेला मी स्टॉलपाशी, दरवेळेसारखी,
चहाच्या निमित्तानं.
निनाद आला नाही. तो कधीच येत नाही.
एका वकिलानं अंक उचलला,
मागची जाहिरात वाचली, ठेवला.
मग कुलाब्याच्या नेल पार्लरमधली एक मुलगी,
खिशावर पार्लरचं नाव, त्याखाली तिचं, लिन्थोई.
तिनं पट्टीवरचे बाकीचे अंक बाजूला सारले,
'उपज' चिमटीत धरून डोळ्यांपाशी नेला.
भैया, ये नाखून नकली हैं.
मौर्य म्हणाला, मॅगझिन है, सब नकली है.
नहीं, ती म्हणाली, चेहरा असली है. सिर्फ हाथ.
आणि तरी साठ रुपये मोजून
अंक पिशवीत घालून गेली.

आता फाइल उघडली आहे.
थरांच्या यादीत प्रत्येक ओळीच्या कडेला
असतो एक बारका डोळा.
तो मिटला की तो थर दिसेनासा होतो.
मी माझा थर मिटते, चर परत येतात.
उघडते, जातात.
मिटते.
पलीकडे कीरसाहेब फोनवर,
एप्रिलसाठी गिटार शोधताहेत, निळी चालेल म्हणताहेत.

मानधनाचा चेक आणि पाच अंक
नागपाड्याला मीच नेऊन देणार आहे, शुक्रवारी.
नमाज आटोपून ते दार उघडतील, बसा म्हणतील.
अंक ते कोणत्या हातानं घेतील,
एवढंच मला सध्या सुचतंय.