विषय : पाटीबाबत

एकतीस वर्षं ठाणे महापालिकेत, पाणी खात्यात
मी कारकून होतो.
सूचक, अनुमोदक, हात वर, हात खाली,
ठराव बहुमताने मंजूर.
विरोधात बसलेल्यांचे चेहरे
इतिवृत्तात कधी आले नाहीत.

आता कोलबाडला, भोईरांच्या गिरणीवरच्या खोलीत
बारा खुर्च्यांचा कारकून आहे.
पगार नाही, शिक्का नाही.
वेदी, समई, पाद्री, काही नाही.
एक घड्याळ होतं. त्याची टिकटिक फार,
म्हणून सुवार्ताबाई ते टॉवेलात गुंडाळून
जिन्यात ठेवतात.

रविवारी दहाला आम्ही गप्प बसतो.
एवढंच.
"एवढंच?" बायकोने विचारलं होतं पहिल्या वर्षी.
म्हटलं, ऐकायला बसतो.
"कुणाचं?"

इथे मात्र बारा खुर्च्यांची बारा उत्तरं.
सुवार्ता उबाळे सांगतात, येशूचं, दुसऱ्या कुणाचं नाही.
चिकोडीकर सर, जन्मभर फिजिक्स शिकवलेले,
म्हणतात, कुणाचंच नाही हो,
पण माझं तोंड बंद झालं की बरंच ऐकू येतं.
रझिया मुकादम रात्रपाळी उरकून थेट येते.
ती म्हणते, आत थोडा उजेड असतो.
कधी तिला झोप लागते. कुणी उठवत नाही.
मला विचाराल तर
मी अजून वहीच उघडतो आहे.

मार्चमध्ये पाटीचा विषय निघाला.
"क्वेकर" लिहावं, तर खाली गिरणी,
लोक ओट्स दळून मागतील.
"मित्रमंडळ" लिहावं, तर विचारतील, यंदा मूर्ती किती फुटी?
"प्रार्थनागृह" म्हणताच चिकोडीकरांनी चष्मा काढला.
"ध्यानकेंद्र" म्हणताच सुवार्ताबाई
खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मतं घेतली असती तर चार मिनिटांचं काम.
पण इथे डोकी मोजत नाहीत.
एकाच्याही गळ्याखाली उतरलं नाही
तर पुन्हा गप्प बसायचं.
एप्रिल गेला. जून गेला.
पेंटर जयेश भेटेल तिथे अडवायचा,
"काका, पांढरा हात मारून ठेवलाय, अक्षरं कधी?"

ऑगस्टातल्या एका रविवारी चाळीस मिनिटं झाली असतील.
खाली गिरणी सुरू झाली, खुर्च्या बारीक थरथरल्या,
आणि रझिया उठली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.
"काल वॉर्डात एक आजोबा गेले.
रस्त्यावरून आणलेले. नाव कुणाला ठाऊक नव्हतं.
पलंगाची पाटी कोरीच.
मी हात धरून होते."
बसली.

त्यावर कुणी काही बोललं नाही.
गिरणी बोलत होती, तेवढंच.

मग मी तिथल्या तिथे लिहिलं, वाचून दाखवलं :
पाटीवर जिन्याकडे जाणारा बाण काढावा.
बाकी जागा तूर्त कोरी ठेवावी.
चिकोडीकर म्हणाले, "तूर्त" खोडू नका.
सुवार्ताबाई म्हणाल्या,
"माझं मन नाही यात. पण मी आडवी येत नाही.
हेही लिहा."
लिहिलं.
अक्षर जरा हललं माझं.
मग शेजारच्याने शेजारच्याचा हात हातात घेतला.
आमच्यात सभा अशीच संपते.

पाटी लागली. बाण लाल आहे.
गेल्या रविवारी एक गृहस्थ दळणाचा डबा घेऊन
थेट वर आले.
आम्हाला पाहून थबकले, चपला काढल्या,
डबा मांडीवर धरून शेवटपर्यंत बसले.
गहू की ज्वारी,
कुणी विचारलं नाही.