एसी बंद करून

हृदय ऐकायचं तर आधी एसी बंद करावा लागतो.
हे हमरियात कुणालाच पटत नाही.
बाहेर सेहेचाळीस. पत्र्याच्या क्लिनिकात
कॉम्प्रेसर शेवटचा खोकतो
आणि ऊन आत येऊन स्टुलावर बसतं.

टेबलावर कासम हमदुले, वेल्डर, वय एकतीस,
वेलदूरचा, खाडीकाठचा.
शिडीच्या अकराव्या पायरीवर दम लागतो, एवढीच तक्रार,
तीही फोरमनने लिहून दिलेली.

डावीकडे वळा. श्वास सोडा. आता घेऊ नका.
पाचव्या-सहाव्या बरगडीमधल्या फटीत
मी मायक्रोफोन टेकवते, हलकाच.
दाबला तर खोलातले आवाज मरतात.

पहिला ठोका दार आपटल्यासारखा.
दुसरा बरा.
मग एक टिचकी, जी तिथं असायला नको,
आणि टिचकीमागून
धक्क्यावर कुणी रिकामं पिंप घरंगळत न्यावं
तशी लांबची घरघर.
पडद्यावर ती दिसते: दोन उंच काड्यांच्या मध्ये
विस्कटलेली मुंग्यांची रांग.

"लहानपणी गुडघे सुजले होते?"
तो चमकतो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"
एक बरा झाला की दुसरा. शाळा बुडली.
दर तीन आठवड्यांनी सुई, खाडी ओलांडून, दापोलीला.
आषाढात होडी बंद झाली, आणि मग आईच म्हणाली,
आता पळतोय की चांगला.

ताप गेला, सूज गेली.
आत एक झडप शिवली जात राहिली
वीस वर्षं, टाक्यामागे टाका.

मी सांगते, झडपेचं तोंड माशासारखं झालंय,
पुस्तकात असंच लिहितात.
"कुठला मासा?"
पुस्तकात ते नाही.
"मग लिहिणारा बाजारात गेला नसणार.
तोंडं काय सारखी असतात?
बोयटाचं वेगळं, मुडदुशीचं वेगळं."
मी थोडा विचार करते. मुडदुशीचं, म्हणते.

तो गप्प होतो.
एवढीशी फट त्याला माहीत आहे.
गळ कुठला लावायचा, ते तिच्यावरूनच ठरतं.

दुसऱ्या नोंदीत अस्रची अजान शिरली.
फिल्टर लावून काढली. पुरती निघाली नाही.
तशीच फाइल शारजाच्या डॉक्टरांना पाठवली,
खाली शेरा: झडप अरुंद. बहुधा फुग्याने उघडता येईल.
शिडीचं काम नको.
शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं.
फोरमन तेवढंच वाचणार.

"मला पण ऐकू द्या की."

कानांवर हेडफोन चढवून तो डोळे मिटतो.
टिचकी येते तिथे त्याची तर्जनी हलते,
दोरीला काही लागल्यासारखी.
पुन्हा येते, पुन्हा हलते.
घाम त्याच्या कानामागून गळ्यावर उतरतोय.
मी एसी लावायला उठते.
"राहू द्या," तो म्हणतो, डोळे न उघडता,
"एवढं होऊ द्या."