दुसरा भोंगा

चनबसप्पा बिराजदार सायकलच्या कॅरिअरला बांधून
दोन भोंगे घेऊन आले तेव्हा
साखर पेठेतल्या माझ्या दुकानात
दिवा लावायची वेळ झाली होती.
'आवाज बसलाय बे दोघांचा,' म्हणाले,
घरातल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलावं तसं.

रंगाचे पापुद्रे: वर करडा, खाली हिरवा,
त्याच्याही खाली कुठल्यातरी निवडणुकीतला निळा.
कडेला ब्रशनं लिहिलेलं रेवणसिद्ध साऊंड,
शेवटचा ड गंजानं खाल्लेला.

एकाचं युनिट उघडलं.
चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस
आणि किसात अडकलेलं सूत.
आमच्या पूर्व भागात काहीही उघडा, सूत निघतं,
घड्याळातून, पंख्यातून,
माझ्या बापाच्या छातीच्या फोटोतून.
चिकटपट्टी उलटी गुंडाळून फटीत फिरवत राहिलो.
सतराव्यांदा ती कोरी बाहेर आली.

जुना पडदा ॲल्युमिनिअमचा,
बिडीच्या वाळक्या पानासारखा चुरा होत चाललेला.
बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
नवा मागवला दिल्लीहून, टायटॅनिअमचा,
डबीवर छापलेलं: सर्व मॉडेलना चालतो.
सर्वांना चालणारं कुणालाच धड बसत नाही.
तीन भोकांतली दोन जुळली,
तिसऱ्यापायी अर्धी रात्र कानस.

कपॅसिटर तेल गाळत होता, तो काढला.
वायर तांब्याची घातली.
पत्र्याच्या तोंडावर टिचकी मारली की
ताटासारखं घुमत राहायचं,
म्हणून बाहेरून डांबर फासलं, वर गुंडाळले
मागाखाली पडणारे चादरीचे काठ,
किलोवर मिळतात.
एवढाच एक पार्ट गावचा.

एक भोंगा झाला. म्हटलं, ऐकून जा.
त्यांनी खिशातून स्वतःचीच कॅसेट काढली.
गड्ड्याची जत्रा, ब्याऐंशी साल,
भजनाच्या टेपवर चुकून दाबलं गेलेलं रेकॉर्डचं बटण.
तरणे चनबसप्पा माईकवर:
'लाल झगा, वय अंदाजे चार, नाव सांगत नाही.
आईनं असेल तिथून
मंडपाकडं यावं.'
परत तेच. परत तेच.
म्हातारा मांडीवर बोटं वाजवत ओठ हलवत होता,
प्रत्येक खोकला पाठ.

आणि दोन वाक्यांच्या मधे,
जिथं इतकी वर्षं नुसती खरखर होती,
एक बारीक आवाज:
'अम्मा अक्कडे उंदी.'

बोटं थांबली.
'ही कोण बे?'
मी कॅसेट मागं घेतली.
'अम्मा अक्कडे उंदी.' रडत नव्हती.
थोडी वैतागली होती, एवढंच,
मोठ्या माणसांना एकच गोष्ट कितीदा सांगायची.

चनबसप्पांच्या घरी कन्नड, धंद्यात मराठी.
तेलुगू माझ्या घरची.
'काय म्हणती?'
'आई तिथंच आहे म्हणती.'
'कुठं?'
आता ते कसं सांगणार.
बोट दाखवलं असेल. टेपवर बोट येत नाही.

बाहेर गल्लीत माग चालू होते,
खटक खटक, कुणाचंच न ऐकणारे.
ते स्टुलावर बराच वेळ बसले.
'मी लई मोठ्यानं बोलत होतो का रे?'
म्हटलं, अनाउन्सर होता तुम्ही.
'सापडली ती. रात्री अकराला. आई पाळण्याच्या रांगेत होती,'
आणि मग, डांबराच्या वासात नाक मुरडून,
'मंडपासमोरच्या.'

पैसे मोजताना पन्नास कमी दिले,
मीही मोजून घेतले नाहीत.
झालेला भोंगा कॅरिअरला बांधला,
दोरीची गाठ दोनदा मारली.
मी दुसऱ्याचे स्क्रू सैल करायला घेतले
तर पायडलवर पाय ठेवून म्हणाले,
'त्याला राहू दे बे तसाच.'