डावी विंग

नववीत नाटकाला पोरं निवडली तेव्हा
निगवेकर सरांनी माझा आवाज ऐकला,
जरा वेळ फळ्याकडं बघितलं
आणि म्हणाले, तू डावी विंग सांभाळ.
एका हातात फाईल, एका हातात पडद्याचा दोर.

हॉल म्हणजे जुनी तालीमच.
मलखांब कोपऱ्यात, पोत्यांनी झाकलेला.
पोती गूळ मार्केटातनं मागून आणलेली,
दुपारी पत्रा तापला की स्टेजभर काकवीचा वास
आणि मुंग्या.
मुंग्यांना कुठला प्रवेश चाललाय ते कळत नाही.

पडद्याची पुली ओरडायची.
कुणी मेलं की हमखास.
पप्पांनी उद्यमनगरात लेथवर नवी काढली,
पितळेची, रविवारी, मालक नसताना;
डब्याच्या पिशवीतनं घरी आणली.
म्हणाले, दोर हातानं ओढू नकोस, अंगानं ओढ.

नाटक सरांनीच लिहिलेलं.
पुराचं पाणी उंबऱ्याला लागलंय, दारात होडी,
बाई होडीत एक पाय टाकते आणि मागं वळते:
दार उघडं ठेव, मी येते.
गोठ्यात म्हैस राहिलीय.

बाई झाली होती मदिना शिकलगार.
ती आंबेवाडीची.
एका पुरात आठ दिवस
ती आणि तिची म्हैस एकाच शाळेच्या पटांगणात राहिली होती.
हे तिनं सरांना सांगितलं नव्हतं,
मला सांगितलं होतं, पोती शिवताना.

अडचण एकच.
आम्ही पोरी इकडं येतोच म्हणतो.
मी आलो, मी जेवलो, मी रडलो.
सर म्हणायचे, स्टेजवर येते म्हणायचं,
परीक्षक पुण्याचे असतात.
पंधरा दिवस मदिना जिना चढताना
येते येते येते करायची,
वर पोचली की ओरडायची, आलो गं!

मला सरांनी एवढंच शिकवलं:
विसरणं वेगळं, थांबणं वेगळं.
थांबलेल्या माणसाला शब्द दिलास
तर त्याच्या ताटातला घास उचललास.
मग ओळखायचं कसं, सर?
पायाकडं बघ.
विसरलेल्याचा अंगठा जमीन उकरतो.

स्पर्धेचं केंद्र आमचीच शाळा.
मदिनानं होडीत पाय टाकला,
होडी म्हणजे दोन बाकं आणि निळं प्लास्टिक,
मागं वळली.
दार उघडं ठेव, मी

आणि गप्प.

फाईलवर माझं बोट. ओठात माझ्या शब्द तयार.
समोरच्या विंगेतनं सर हात हलवतायत, दे, दे.
मी तिच्या पायाकडं बघितलं.
अंगठा शांत होता.
टाच घट्ट.
पत्र्यावर एक कावळा चालत गेला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्यांनी ऐकला.

येतो, म्हणाली ती.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
पुढच्या रांगेत एका म्हातारीनं
पदर तोंडाला लावला.
मी दोर अंगानं ओढला.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं.
परीक्षकांच्या कागदावर: भाषेकडे लक्ष द्यावे.
सरांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला,
माझ्याकडनं फाईल मागून घेतली,
येते खोडलं,
वर लाल शाईनं येतो लिहिलं,
आणि पुढं काही न बोलता
बाकं उचलायला लागले.

पप्पा शेवटच्या रांगेत उभे होते,
नखांत काळं तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट.
बाहेर आल्यावर गाडीला किक मारता मारता विचारलं,
तू कुठं हुतास रं? दिसला न्हाईस.
म्हटलं, पडद्यामागं.

व्हय, म्हणाले.
पुली वाजली न्हाई.

रंकाळ्याच्या वळणापर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.
ते विसरले नव्हते.
मी त्यांच्या पायाकडं बघितलं,
ब्रेकवर, टाच घट्ट.