प्रेशर

चौतीस वर्षं मी महापालिकेच्या पाण्याला
गल्ल्या दाखवल्या.
पहाटे साडेतीनला खांद्यावर लोखंडी चावी,
झाकण उचलायचं, मोजून फिरवायचं:
अकरा फेरे नाक्याला, साडेचौदा टेकडीला,
चढ असतो तिकडे.

आता आमच्याच घरात आतल्या खोलीत सिग्नल नाही,
आणि स्नेहल म्हणते, बाबा, तुम्हाला यातलं काय कळतंय.

खरंय. हे ओलं नाही,
भिंतीला कान लावला तर सळसळत नाही.
हॉलमध्ये चार काड्या, पॅसेजात दोन,
आत जिथं तिची मीटिंग असते तिथं एक,
तीही येऊन जाऊन.
अर्ध्या वाक्यात तिचा चेहरा थिजतो, तोंड उघडं,
आणि पुण्याचा साहेब हॅलो हॅलो करत राहतो.

मी म्हटलं, थांब. लाइन तपासू.
तिचा फोन धरून घरभर फिरलो,
पूर्वी गेज घेऊन फिरायचो तसा,
लाइटबिलाच्या मागे नकाशा काढला.
राउटर टीव्हीच्या मागे
(तिथंच का? तर केबलवाल्या पोराची वायर तिथं संपली).
मग फ्रिज. मग माशांची टाकी.
"पाणी सिग्नल पितं, बाबा."
म्हणजे जन्मभर ज्याला वाट दिली
तेच आता वाट अडवून बसलंय,
तीन गप्पी आणि एक म्हातारा गोल्डफिश पोटाशी धरून.
मग कॉलम. मग लोखंडी कपाट, हिच्या लग्नातलं, आरशासकट.
"ते हलायचं नाही," स्वयंपाकघरातून.
बरं.

टाकी हलवली. राउटर चपलांच्या रॅकवर ठेवून पाहिला,
फ्रिजवर, मांडणीत परातींच्या शेजारी
(तिथं तर पार मेला),
शेवटी आतल्या खोलीच्या चौकटीवर खिळा ठोकला,
एक अँटेना उभा, एक आडवा.
आत चार काड्या. चार!
साहेब त्या दिवशी अख्खी वाक्यं बोलला,
दुर्दैवानं.

रात्री ताटल्या पुसता पुसता ही म्हणाली,
"ममता दिसली नाही आज जिन्यात."

ममता, खालच्या इस्त्रीवाल्या कनोजियांची.
आमच्या खालच्या वळणावर, मीटरच्या पेटीजवळ,
पायरीवर वही, गुडघ्यावर फोन,
नर्सिंगच्या प्रवेशाचा अभ्यास.
मला वाटायचं, घरात इस्त्रीची धग असते म्हणून येते.
"पासवर्ड?" मी विचारलं.
ही कोरडी ताटली पुसत राहिली.

म्हणजे आमच्या दाराखालून गळत होतं
आणि त्या गळतीला कुणी भांडं लावलं होतं.
हे मला कळायला हवं होतं. मला.
एका लाइनीला जोर दिला
की दुसऱ्या टोकाला हंडे नुसते वाजतात,
आणि तिथली बाई ऑफिसात भांडायला येते,
किंवा येतच नाही. ते जास्त वाईट.

सकाळी खिळा उपटला.
राउटर दाराकडे चार हात सरकवला,
आत जाऊन पाहिलं, मग जिना उतरून,
मग परत आत. शेजारचे पालव
दात घासत दारात उभे राहून बघत होते.
आत तीन. वळणावर एक.
अँटेना जरा बाहेर कलता केला,
चावीचा पाव फेरा, त्याहून जास्त नाही.
आत तीन, पण दमलेल्या. वळणावर दोन.
स्नेहलला सांगितलं, कॅमेरा बंद ठेवून बोलत जा.
ती म्हणाली, तसंही बरंच आहे.

हीनं काही न सांगता खाली निरोप पोचवला असावा.
संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो
तर वळणावर वहीची पानं वाजली.
मी कठड्यावरून वाकून विचारलं,
"येतंय का?"
किती वर्षं हेच विचारत आलो,
रस्त्यावरून वर, खिडक्यांकडे तोंड करून.

तिनं फोन ओढणीखाली घेतला.
"हां काका, बल्ब चालू आहे."

मिणमिणता होता.
म्हटलं, उद्या मोठा लावतो.