सासवडचा स्विच

तनपुरे सर निवृत्त झाले त्या शुक्रवारी
एरंडवण्याच्या हेड ऑफिसात पेढे फिरले, शाल आली,
आणि सहा वाजून दहा मिनिटांनी
मी त्यांचं नाव सर्व्हरवरून काढलं.
एकच ओळ. एंटर.
धायरी, मंचर, भोर, रास्ता पेठ,
दोनशे चौदा डबे
एका दमात त्यांना विसरले.

पूर्वी प्रत्येक शाखेचा स्विच आपल्या घरचा धनी,
पासवर्ड ज्याचा त्याच्या पोटात.
सर ते पाढ्यांसारखे म्हणत,
अडलेच तर स्कूटरच्या डिकीत
पान्यांशेजारी एक निळी वही.
मग आम्हीच दोन वर्षं खपून
सगळ्यांना एका उंबऱ्याशी बांधलं.
आता कुठलाच डबा आपल्या मनाने कुणाला ओळखत नाही.
विचारतो: हा कोण?
याला काय काय करू द्यायचं?
आणि नोंद ठेवतो,
नुसता डोकावून गेलेल्याचीसुद्धा.

मला अधिकार सरांनीच दिले. आधी फक्त बघण्याचे.
"वर्षभर बघ. हात लावायची घाई असते सगळ्यांना."
मग एका मंगळवारी, न सांगता,
एकवरून पंधरावर.

ऑगस्टात दिवेघाटात जेसीबीने केबल तोडली.
सासवडचा स्विच एकटा पडला.
रात्री मी त्याच्यासमोर लॅपटॉप मांडीवर घेऊन:
माझं नाव टाकलं. नाही म्हणाला.
पुन्हा टाकलं.
पंधरा म्हणे!

सरांनीच घातलेली ओळ होती ती प्रत्येकात:
सर्व्हर सापडला नाही, तर आपल्या पोटाला विचार.
पोटातलं मला कुठे ठाऊक?

फोन केला. म्हणाले,
"पासवर्ड फोनवर सांगत नसतात."
आणि फुरसुंगीहून स्कूटरवर आले,
स्वेटर उलटा घातलेला.
"तोंड फिरव."
मी भिंतीवरचं मुदत ठेवींचं कॅलेंडर वाचत राहिले.
मागे अकरा कळा वाजल्या,
मोजायच्या नव्हत्या, मोजल्या.
"हं. आता तुझं काम कर.
आणि मी गेल्यावर हा बदल."

सकाळी केबल जोडली गेली.
सर्व्हरच्या वहीत सासवडपुढे
अकरा चाळीस ते एक पंचवीस
काहीच नाही.
कोण आलं, कुणी उघडलं, कुणाच्या हुकुमाने.

पासवर्ड मी बदलला.
नवा बारा अक्षरांचा आहे.
हडपसरच्या सिग्नलला
मनात म्हणून बघते.