शेवटचा आकडा

ओडिलकाकाच्या गॅरेजात गाडी कधीच नव्हती.
तिथे चाकं राहतात.
तुळईला ओळीनं आकडे ठोकलेत,
भावाचं खाटिकखान्याचं दुकान बंद झालं तेव्हा आणलेले,
डुकराच्या मांड्या पेलायची सवय असलेले.
चाकाचं वजन त्यांना कळतही नसेल.

प्रत्येक आकड्याला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली,
रिमला चरा पडू नये म्हणून.
एक पुढचं, एक मागचं, एक पुढचं, एक मागचं,
म्हणजे एकाचे दाते दुसऱ्याच्या आऱ्यांत शिरत नाहीत.
इतका विचार यानं आमच्या लग्नात
पाहुण्यांना बसवताना केला असता तर,
मारिएतकाकू म्हणते, आणि पुढचं बोलत नाही.

खिडकीपासून लांब, बॉयलरपासून लांब.
रबराला ऊन सोसत नाही, ऊबही नाही.

मार्चमधल्या रविवारी
काका एक जोडी खांद्याला अडकवून निघतो
आणि दगडी रस्ता संपतो तिथे उभा राहतो,
नांगरलेल्या शेताच्या कडेला, गुडघाभर वाऱ्यात,
जत्रेत हरवलेल्या पोराला दिसावं
म्हणून हात वर धरलेल्या माणसासारखा,
दोन्ही हातांत एकेक चाक.
मी येते. दात वाजतात, तोंडात चिखल.
चाकं शाबूत असली तर थांबत नाही.
नऊ वर्षांत एकदाही थांबले नाही.
तो जोडी तशीच घरी आणतो,
पुसतो, अडकवतो,
काकूला सांगतो, आज काही झालं नाही,
आणि दुसरी बिअर उघडतो.

एकदा झालं.
काकाच्या दोनशे मीटर आधी मागचं टायर फुस्स.
कुंपणापाशी एक माणूस होता, हिरव्या टोपीचा.
तो दुसऱ्याच कुणाची वाट बघत होता.
माझ्याकडे बघितलं.
चाक काढलं, चाक घातलं (दाते जुळले, नशीब),
पाठीवर पंजा ठेवून ढकललं.
आभार मी पुढच्या वळणावर मानले, वाऱ्याला ऐकू गेले असतील.
काकासमोरून गेले तेव्हा
त्यानं वर धरलेलं चाक हळूच खाली घेतलं.
माझ्याखाली परकं फिरतंय
हे त्याला आवाजावरूनच कळलं होतं.

रिमवर चिकटपट्टी, पट्टीवर निळ्या शाईत फोन नंबर.
शेवटचा आकडा चिखलानं खाल्लेला.
काकानं शून्यापासून नवापर्यंत दहाही लावून पाहिले.
तीन बंद.
एक दंतवैद्य.
कोर्ट्राइकची एक बाई चाकाचं सोडून
मुलाच्या घटस्फोटाबद्दल वीस मिनिटं बोलली,
काका हं, हं म्हणत राहिला.
टोपीवाला कुणीच नव्हता.

मग ते चाक दाराजवळच्या शेवटच्या आकड्याला गेलं.
जरासं आऊट होतं.
काकानं दुपारभर बसून आऊट काढला,
अठ्ठावीस आरे, एकेक नखानं छेडून, कान लावून.
दर शनिवारी हवा.
आमची चाकं मऊ पडली तर पडली,
परक्याची ठेव पडता कामा नये.
पट्टी मात्र काढली नाही.

यंदा काका त्याच्या जागेवर नव्हता.
तिथे काकू उभी होती, दोन्ही चाकं धरून,
थंडीला आणि काकाला शिव्या देत.
तो दोनशे मीटर अलीकडे होता, कुंपणापाशी,
हातात ते एकच चाक.
माझ्यामागून एक पोरगा आला म्हणे,
सतराअठराचा, सायकल खांद्यावर, रडकुंडीला आलेला.
कुठल्या क्लबचा, काकाला सांगता येत नाही.
जर्सी पिवळी होती का?
असेल.
पट्टीवर आता आपला नंबर लिहायचा होतास, मी म्हटलं.
तो हात धूत राहिला.

मी हेल्मेट काढलं
आणि समोरच्या रिकाम्या आकड्याला अडकवलं.
काकानं हात पुसले,
हेल्मेट उतरवून खुर्चीवर ठेवलं,
आणि सैल झालेली रबराची पट्टी
आकड्याभोवती पुन्हा घट्ट गुंडाळली.